चूक पोटात घालणारा गोल्फचा ड्रायव्हर : फटक्याची लांबी वाढवायची तर काय बघून घ्यावा?

कळंब्याचा_गडी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राहून गोल्फ खेळणारे आपण मोजकेच, त्यामुळे हा प्रश्न गल्लीत कुणाला विचारायची सोय नाही. सराव गच्चीवर जाळी बांधून चालतो. खरा खेळ कामानिमित्त पुण्याला जाणं होतं तेव्हा येरवड्याला, कधी खारघरला.

वय सेहेचाळीस, उजव्या हाताने खेळतो, हँडिकॅप चोवीसच्या घरात, म्हणजे साधारण खेळाडू. सध्याचा ड्रायव्हर (पहिला लांब फटका मारायचा क्लब) ९ अंश लॉफ्टचा, म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) तेवढा तिरका, शाफ्ट (दांडा) स्टिफ म्हणजे ताठ, क्लबची लांबी पावणेसेहेचाळीस इंच. रडारवर स्विंगचा वेग ताशी ९० मैलांच्या आसपास येतो. फटका नीट बसला तर बॉल २२० यार्ड जातो, पण तसे फटके थोडे. बाकीचे १७०-१८० वर संपतात आणि उजवीकडे वळून झाडीत जातात. मग दुसरा फटका फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) परत येण्यातच खर्च होतो.

आता नवीन ड्रायव्हर घ्यायचा आहे. सगळ्या कंपन्या 'मॅक्स' (चूक सांभाळणारं) लिहिलेलं एक मॉडेल काढतात आणि 'एलएस' (लो स्पिन, कमी फिरकीचं) लिहिलेलं एक. मित्र म्हणतात लांबी हवी तर एलएस घे, मॅक्स म्हाताऱ्यांसाठी असतो. नवीन ड्रायव्हरला अर्धा लाख सहज जातो, म्हणून घ्यायच्या आधी नीट समजून घ्यायचं आहे. मॅक्सने लांबी खरंच वाढते का, की फक्त दिशा सुधारते?

उद्यमनगर_फौंड्री

दादा, वाढते. तुमच्या वेगाला तर नक्की वाढते. का वाढते ते धातूच्या बाजूनं सांगतो.

आमच्याकडे इंजिनांची फ्लायव्हील ओततात. तेवढंच लोखंड मधे ठेवलं तर चाक बोटानं फिरतं, तेच कडेला नेलं तर हलवायला जोर लागतो. वजन गुणिले अंतराचा वर्ग, हाच सगळा हिशेब. ड्रायव्हरच्या हेडला हाच हिशेब लागतो. हेडचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास ठरलेलं, ते फार वाढवता येत नाही. पण ते कुठं ठेवायचं हे डिझाइन करणाऱ्याच्या हातात आहे. बॉल हेडच्या टोकाकडं किंवा शाफ्टजवळच्या टाचेकडं लागला की हेड वळायला बघतं, त्या वळण्यात ताकद वाया जाते आणि फेसची दिशाही बदलते. वजन कडेला आणि मागं नेलं की हेड कमी वळतं. दुकानात एमओआय म्हणतात ते हेच.

१९९१ साली कॅलवेनं बिग बर्था काढला तेव्हा त्याचं हेड १९० सीसीचं होतं आणि लोक त्याला केवढं मोठं म्हणायचे. ते स्टीलचं होतं. स्टीलची घनता ७.८ च्या आसपास, टायटॅनियमची साडेचार. टायटॅनियम आल्यावर तेवढ्याच वजनात मोठं, पातळ भिंतींचं हेड ओतता यायला लागलं. इथं एक सांगू द्या, टायटॅनियम ओतणं म्हणजे आपल्या शिरोलीतलं बीडकाम नव्हे. वितळलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून ते निर्वातात वितळवावं लागतं. एवढ्या पातळ भिंती विनाछिद्र भरणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

पुढं वरचा घुमट कार्बन फायबरचा झाला. वर वाचलेले ग्रॅम टंगस्टनच्या रूपात पार मागं नेऊन बसवले. टंगस्टनची घनता १९.३, म्हणजे लहान तुकड्यात भरपूर वजन. मॅक्स मॉडेलमधे हेच केलेलं असतं. एलएसमधे वजन फेसच्या जवळ पुढं असतं, त्यानं बॉलचा स्पिन (मागची फिरकी) कमी होतो, पण हेड वळायला सोपं होतं. ११० मैलांनी मारणाऱ्या आणि मधोमध लावणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग. ९० मैलांना स्पिन फार कमी झाला तर बॉल हवेत टिकतच नाही, लवकर खाली येतो.

आता नियम. गोल्फचे नियम करणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी मर्यादा घातल्या आहेत : हेड ४६० सीसीपर्यंत, उभ्या अक्षाभोवतीचा एमओआय ५९०० ग्रॅम-चौरस-सेंटिमीटर, वर थोडी सूट. फेस किती उसळी देतो तेही बांधलेलं आहे. २०२४ पासून '१०के' असं जे ऐकू येतं, टेलरमेडचा क्यूआय १० मॅक्स, पिंगचा जी ४३० मॅक्स १०के, तो आकडा दोन अक्षांची बेरीज आहे. टोक-टाच आणि वर-खाली मिळून दहा हजार. नियम एका अक्षापुरता आहे, त्यामुळं हे क्लब नियमात बसतात.

उसळीला मर्यादा असल्यानं मधोमध लागलेल्या फटक्यात पंधरा वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हर आणि आजचा यांत फार अंतर नाही. अंतर पडतं ते मधे न लागलेल्या फटक्यात, आणि तुमचे बहुतेक फटके तसेच आहेत.

कसबा_बावडा_४१६००६

वरच्या पोस्टला आकड्यांची जोड देतो. बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर. ड्रायव्हरला १.५० म्हणजे जवळजवळ कमाल. तुमच्या ९० मैलांना १.४८ मिळाला तर बॉल १३३ मैलांनी सुटतो. १.३८ मिळाला तर १२४. ड्रायव्हरच्या फटक्यात बॉलच्या प्रत्येक मैलाला साधारण दोन यार्ड धरतात, म्हणजे अठरा यार्डांचा फरक, तोही स्विंग अजिबात न बदलता. हेच अठरा यार्ड नुसत्या ताकदीनं मिळवायचे तर स्विंगचा वेग सहा-सात मैलांनी वाढवावा लागेल. पंचेचाळिशीनंतर ते सोपं नाही.

म्हणून ड्रायव्हर तपासताना सगळ्यात लांब गेलेला फटका लक्षात ठेवू नका. दहा मारा, सगळे लिहून काढा आणि त्यातले मधले पाच-सहा बघा. दुकानात नेमकं उलटं होतं. एक फटका २४० जातो, विक्रेता टाळ्या वाजवतो आणि आपण पाकीट काढतो.

टेंबलाई_टेकडी

मी फौजेत असताना छावणीच्या मैदानावर गोल्फ शिकलो. निवृत्तीनंतर अजून खेळतो. भाऊ, क्लब विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा, दोन्ही फुकट आहेत.

पहिली : पांढऱ्या फळ्यावर लिहायचं मार्कर घ्या. बॉलच्या मागच्या बाजूला, जिथं फेस लागणार तिथं, ठसठशीत ठिपका काढा. फटका मारला की ठिपका फेसवर उमटतो. प्रत्येक फटक्यानंतर मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि फेस पुसा. गच्चीवरच्या जाळीतही हे चालतं, बॉल कुठं गेला हे दिसायची गरज नाही.

दुसरी : ग्रिपवर हात इंचभर खाली धरा. दुकानातले ड्रायव्हर साडेपंचेचाळीस ते पावणेसेहेचाळीस इंचांचे येतात, कारण लांब शाफ्टनं रडारवर वेग जास्त दिसतो. पीजीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक टूरवरच्या कितीतरी खेळाडूंचा ड्रायव्हर ४५ किंवा त्याहून थोडा आखूड असतो. ज्यांचं पोट त्यावर चालतं ते आखूड वापरतात आणि आपण आठवड्यातून एकदा खेळणारे लांब वापरतो, हे मला कधी पटलं नाही. इंच कमी केला की वेग जरासा उतरतो, पण फटका मधे लागायला लागतो.

हात खाली धरून फरक दिसला तरच शाफ्ट कापायचा विचार करा. आधी कापू नका.

मिरजकर_सतार

कापण्याबद्दल : एक इंच कापला तर स्विंग-वेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) सहाएक पॉइंटनं उतरतं, हेड हातात हलकं वाटायला लागतं आणि टायमिंग बिघडतं. हेडला साधारण दोन ग्रॅम वाढवले की एक पॉइंट परत येतो, म्हणजे बारा ग्रॅमची भरपाई. शिशाची चिकटपट्टी मिळते, ती हेडच्या तळाला मागच्या बाजूला लावायची. काही मॉडेलांत स्क्रूचं वजन बदलता येतं. शाफ्ट ग्रिपकडूनच कापतात, टोकाकडून नाही.

राजारामपुरी_७

दादा, माझं ऐका, सरळ ड्रॉ (बॉल डावीकडं वळवणारं) मॉडेल घ्या. टाचेकडं वजन असतंय, फेस बंद व्हायला मदत होतीय, बॉल उजवीकडं पळायचा थांबतोय. मी तेच घेतलं आणि लई समाधानी हाय. स्विंग सुधारायला शिक्षक कोल्हापुरात कुठं शोधत बसणार? खेळायचं वय निघून जातंय तोवर.

टेंबलाई_टेकडी

राजारामपुरी, तुमचा अनुभव नाकारत नाही. पण ड्रॉ मॉडेलनं स्लाइस (बॉलचं उजवीकडे वळणं) कमी होतो, जात नाही. फेस क्लबच्या फिरण्याच्या रस्त्यापेक्षा उघडा राहतो म्हणून बॉल उजवीकडे वळतो. हेडमधलं वजन त्याला दहा-पंधरा यार्ड आत आणेल, पण चाळीस यार्ड वळणाऱ्या बॉलला ते पुरणार नाही. आणि उद्या ग्रिप सुधारली, डावा हात थोडा उजवीकडे फिरवून धरायची सवय लागली, की तोच ड्रायव्हर डावीकडे ओढायला लागेल. म्हणून वजन सरकवता येईल असा घ्यावा, हे माझं मत.

राजारामपुरी_७

काका, सरकवायचं असंल तर हरकत न्हाई. पण पैलं वर्षभर ते ड्रॉलाच ठेवायचं. बॉल झाडीत गेला की माणूस दमतो आणि दमला की खेळायचं सोडतो. चार फटके मैदानात राहिले तर उत्साह टिकतोय, मग शिकायची हौस येतीय.

टेंबलाई_टेकडी

हे मान्य. उत्साह टिकणं महत्त्वाचं.

रंकाळा_संध्यामठ

शाफ्टवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि खेळतेही. ९० मैलांना स्टिफ शाफ्ट हे मला सगळ्यात जास्त खटकलं. साधारण ८५ ते ९५ च्या टप्प्यात रेग्युलर, म्हणजे थोडा लवचिक, बघायला हवा, तेही ५० ते ६० ग्रॅमच्या वजनात. फ्लेक्सची (शाफ्टच्या लवचिकतेची) अक्षरं सगळ्या कंपन्यांची एकसारखी नसतात. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफएवढा ताठ निघतो, त्यामुळे अक्षर वाचून न घेता मारून बघा. जड, ताठ शाफ्टने फेस वेळेवर बंद होत नाही आणि बॉल खालून, उजवीकडे जातो. मग माणूस खांद्याने जोर लावतो. माझ्याकडे पाठ आणि कोपर घेऊन येणाऱ्या गोल्फवाल्यांत हा प्रकार नेहमी दिसतो.

बायकांसाठीही सांगते. दुकानात बाई दिसली की लेडीज फ्लेक्स हातात देतात. फ्लेक्स वेगावर ठरतो. ज्यांचा वेग ८० च्या पुढे आहे त्यांनी रेग्युलर किंवा सीनिअर (रेग्युलरहून मऊ) मारून बघावा, लाजू नये. आणि पुरुषांनी सीनिअर हा शब्द बघून तो बाजूला ठेवू नये.

ग्रिपची जाडीही बघा. हात मोठा आणि ग्रिप बारीक असेल तर मूठ घट्ट आवळली जाते. आवळलेल्या मुठीने मनगट मोकळं सुटत नाही.

कळंब्याचा_गडी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, स्टिफ शाफ्ट माझा नाही, ड्रायव्हर एका नातेवाइकांनी दिलेला आहे, त्यांचा वेग माझ्यापेक्षा बराच जास्त. आता लक्षात येतंय.

मार्करचा प्रयोग केला. ठिपके सगळे टाचेकडे आणि फेसच्या खालच्या अर्ध्या भागात आहेत. हात इंचभर खाली धरल्यावर ते मधल्या बाजूला सरकले, पण खालीच राहिले. याचा अर्थ काय घ्यायचा?

उद्यमनगर_फौंड्री

खाली लागणं हे लांबी जाण्याचं मोठं कारण आहे, टाचेपेक्षाही मोठं. फेस सपाट नसतो, वरून खाली आणि आडवा असा दोन्हीकडून किंचित फुगीर असतो. बॉल खाली लागला की तिथला लॉफ्ट कमी असल्यानं तो खालून निघतो, आणि हेड वळताना दातेरी चाकासारखं बॉलला उलटा फिरवतं, त्यानं मागचा स्पिन वाढतो. कमी उंची आणि जास्त स्पिन, दोन्ही वाईट. वर, मधल्या रेषेच्या बोटभर वर लागला की बरोबर उलटं होतं : उंच सुटतो आणि स्पिन कमी. टाचेकडं लागला की आडवी फिरकी उजवीकडची मिळते, म्हणजे तुमचा मूळचा स्लाइस आणखी वाढतो.

टी (बॉल ठेवायची खुंटी) उंच करा. बॉलचा अर्धा भाग ड्रायव्हरच्या घुमटाच्या वर दिसला पाहिजे.

कसबा_बावडा_४१६००६

आणि बॉल डाव्या पायाच्या टाचेच्या रेषेत ठेवा, उजवा खांदा थोडा खाली. क्लब खालून वर येताना बॉल लागला पाहिजे. रडारवर याला अटॅक अँगल म्हणतात. ९० मैलांना तो उणे ५ वरून अधिक ५ अंशांवर नेला तर नुसता कॅरी (हवेतलं अंतर) वीसेक यार्डांनी वाढतो. कुठलाही ड्रायव्हर विकत घेऊन एवढे यार्ड मिळत नाहीत.

लॉफ्टचं : ९ अंश तुमच्यासाठी नाही. साडेदहा घ्या, बारासुद्धा मारून बघा. जास्त लॉफ्टला मागचा स्पिन जास्त असल्यानं तेवढाच उघडा फेस बॉलला कमी वळवतो. उंचीही मिळते आणि सरळही जातो. कमी लॉफ्ट म्हणजे लांब, ही समजूत फक्त फार वेगवान आणि वर मारणाऱ्यांपुरती खरी आहे.

पंचगंगा_घाट

एक स्थानिक मुद्दा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. पुणंही जवळजवळ तेवढंच. उंचीवर हवा विरळ, दर हजार फुटांना साधारण एक टक्का अंतर वाढतं. म्हणजे इथं किंवा पुण्यात जो फटका २२० जातो तो खारघरला तीन-चार यार्ड कमी पडेल. रडारचे आकडे बघताना ते कुठं घेतले तेही टिपून ठेवा.

पावसाळ्याचं जास्त महत्त्वाचं. दमट हवेत बॉल कमी जातो असं बरेच जण मानतात. खरं तर पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पावसात अंतर जातं ते ओल्या जमिनीमुळं : बॉल पडला तिथंच रुतून बसतो, घरंगळत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या भागात खेळणाऱ्यानं कॅरी वाढवणारा, उंच सुटणारा ड्रायव्हरच बघावा. एप्रिलमधल्या कडक जमिनीवर खालून गेलेला बॉलही वीस-तीस यार्ड पळतो आणि आपल्याला वाटतं क्लब चांगला आहे. तपासणी मात्र कॅरीवरच करा.

शाहूपुरी_व्यापारी

पैशाचं कुणी बोललं नाही. दोन-तीन पिढ्या आधीचा मॅक्स वापरलेला घ्या. पिंगचा जी ४२५ मॅक्स अजून उत्तम चालतो. त्यात मागं २६ ग्रॅमचं टंगस्टन वजन आहे, ते ड्रॉ, मधे आणि फेड (बॉल उजवीकडं वळवणारी) अशा तीन जागी सरकवता येतं. वर टेंबलाई काका आणि राजारामपुरीचा जो वाद झाला तो तिथंच मिटतो. शाफ्ट हेडला जोडतो त्या गळ्याशी फिरवून लॉफ्टही दीड अंशापर्यंत खालीवर होतो. जी ४०० मॅक्स त्याहून स्वस्त मिळेल, पण त्यात वजन सरकवता येत नाही.

ऑनलाइन वापरलेला घेताना नकली मालापासून सांभाळा. गोल्फ क्लबची नक्कल मोठ्या प्रमाणावर होते. गळ्यावरचा अनुक्रमांक मागा आणि कंपनीकडे पडताळून घ्या. रंगाच्या कडा, अक्षरांची जाडी, हेड हलवलं की आत खडखड, हे सगळं बघा. नव्याकोऱ्या मॉडेलची किंमत अर्ध्याहून कमी सांगत असतील तर तिथं वेळ घालवू नका. फेसवर केसाएवढी जरी चीर दिसली तरी घेऊ नका, पातळ फेसला ती वाढतच जाते.

रंकाळा_संध्यामठ

आणि घेण्याआधी पुण्याला रडार असलेल्या ठिकाणी तासभर फिटिंग करून घ्या. तिथे लांबी, लॉफ्ट, शाफ्ट आणि ग्रिप चारही एका कागदावर लिहून मिळतात. तो कागद हातात असला की वापरलेला क्लब शोधतानाही भरकटायला होत नाही. जाताना पाठ मोकळी करून जा. कोल्हापूरहून चार-पाच तास गाडीत बसून थेट रडारसमोर उभे राहिलात तर दिसणारा वेग तुमचा नसेल.

कळंब्याचा_गडी

ठरलं. टी उंच करून, बॉल पुढे घेऊन, हात खाली धरून सध्याच्याच ड्रायव्हरने मारतोय आणि ठिपके वर सरकले आहेत. पुढच्या पुणे फेरीत फिटिंग. मनात साडेदहा अंशांचा जी ४२५ मॅक्स, रेग्युलर शाफ्ट, वजन ड्रॉच्या जागी. लांबी ४५ च्या आसपास, पण कापायची की नाही ते रडार बघून. एलएसचा विचार सोडला.

एकच शंका राहिली. गच्चीवरच्या जाळीत ड्रायव्हर मारायला जाळी पुरेल ना? आत्तापर्यंत जास्त आयर्नच (आखूड फटक्यांचे क्लब) मारत होतो.

उद्यमनगर_फौंड्री

ताणून बांधली असेल तर नाही. ४६ ग्रॅमचा बॉल १३० मैलांनी ताठ जाळीवर आपटला तर एकतर जाळी कापतो नाहीतर उलटा अंगावर येतो. जाळी सैल सोडा, खालचा भाग जमिनीवर लोळू द्या, आणि तिच्या मागं फूट-दीड फूट अंतरावर दुसरी लावा. जिथं बॉल आपटतो तिथं जुनी गोधडी टांगा. वरची बाजूही झाका, टाचेत लागलेला बॉल कुठंही उडतो आणि खाली रस्ता आहे. दोऱ्या उन्हानं कुजतात, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात एकदा हातानं ओढून बघा. शिरोलीला यायचं झालं तर पाइपचा सांगाडा आमच्याकडं वेल्डिंग करून देतो, माप घेऊन या.